माझ्या नावाची मुंगी

आमच्या गल्लीत बायका नवऱ्यांची गाऱ्हाणी सांगायला लागल्या की मी गप्प बसते. एकीचा पत्ते कुटतो, एकीचा घोरतो, एकीचा भावाच्या नादाला लागून धंद्यात बुडतो. त्यावर बाकीच्यांना बोलता येतं, चार शहाणपणाच्या गोष्टी सांगता येतात. माझा मुंग्या गोळा करतो. यावर पुढं काय बोलायचं ते कुणालाच सुचत नाही, आणि मग सगळ्या माझ्याकडे आजाऱ्याकडे बघावं तशा बघतात.

तर आमचे हे. डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव, गावात एक जुनं संग्रहालय, त्यात हे नोकरीला. खालच्या मजल्यावर भुसा भरलेली जनावरं आहेत. त्यातल्या अस्वलाचा एक कान कसरीनं खाल्लाय, आणि शाळेची पोरं येतात ती फक्त तो कान बघायला. वरच्या मजल्यावर यांची खोली. खोलीभर लाकडी कपाटं, कपाटांत काचेच्या झाकणांचे खण, खणांत ओळीनं टाचण्या. लग्न ठरल्यावर यांनी मला ते दाखवायला नेलं तेव्हा मी म्हटलं, "टाचण्यांना गंज चढलाय, बदला की." त्यावर यांनी माझ्या हातात भिंग दिलं. प्रत्येक टाचणीला कागदाचा एक टोकदार कपटा होता आणि कपट्याच्या टोकाला डिंकानं चिकटवलेली मुंगी. मी भिंगातून बघितलं, मग यांच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर इतकं कौतुक, की बाळंतिणीनंही एवढं मिरवू नये. तेव्हाच उठून घरी जायला हवं होतं. पण माणूस दिसायला बरा होता.

लग्नानंतर फिरायला म्हणून नेलं ते डोंगरावर. मी नवे बूट घातलेले. दुरून डोंगर साजरे ही म्हण मला त्या दिवशी पायांनी कळली. हे पुढं दगड उलटत चाललेले. दगड उलटायचा, वाकून बघायचं, तोंडातल्या रबरी नळीनं मुंग्या बाटलीत ओढून घ्यायच्या आणि दगड होता तसा, होता त्याच कुशीवर परत ठेवायचा. मी दमून एका दगडावर टेकले तर म्हणाले, "अगं, ऊठ. ते छप्पर आहे कुणाचं तरी." आमच्या स्वतःच्या घराचं छप्पर मात्र त्यानंतर कितीतरी वर्षं गळत होतं.

नणंद सांगते, हे लहानपणापासून असेच. दुकानातून साखर आणायला पाठवलं की वाटेत मुद्दाम चिमूटभर सांडायची आणि कोण कोण येतं ते बघत बसायचं. घरी साखर कमी यायची आणि मार जास्त पडायचा. मोठे दीर व्यापारात शिरले, त्यांनी गाडी घेतली, पोटही सुटलं. हे मुंग्यांमागे गेले. सासरे म्हणायचे, "हत्ती होऊन लाकडं फोडण्यापेक्षा मुंगी होऊन साखर खावी म्हणतात. आमच्या दिवट्यानं मुंगीही दुसरीच धरली आणि साखरही तिलाच घातली."

तरी सांगते, संसार काही वाईट झाला नाही. मी घरी शिवणकाम करते, खिडकीशी माझं मशीन आहे. यांनी कधी आवाज चढवला नाही. फ्रिजच्या दारात अंड्यांच्या जागी मुंग्यांच्या बाटल्या असतात, त्याचीही सवय झाली. स्वयंपाकघरात साध्या मुंग्यांची रांग लागली तर हे तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय. आणि यांची चाळणीची पिशवी पहिल्यापासून मीच शिवत आलेय. जाड मांजरपाटाची लांब पिशवी, तिला दोन कड्या, मधे जाळी, तळाशी निमुळती होऊन नाडी. वरून कुजका पाला भरायचा, गदागदा हलवायचं, की मुंग्या आणि बारीक माती खाली उतरते. शिवण जरा जरी उसवली तरी आतली मुंगी गेलीच म्हणून समजा, म्हणून मी दुहेरी टीप मारते. यांच्या मुंग्यांत माझा हात तेवढाच, पण होता.

एक दुखणं मात्र होतं. मला नाव नाही. म्हणजे आई-वडिलांनी ठेवलंय, चांगलं आहे, पण वापरतं कोण? हे 'अगं' म्हणतात. नणंद 'वहिनी'. गिऱ्हाइकं 'शिवणवाल्या'. गल्लीला मी 'मुंगीवाल्यांची बायको'. लेक 'आई' म्हणते, तीही आता नोकरीला परगावी, म्हणजे फोनवरून म्हणते. माझी आई गेल्यापासून मला कुणी नावानं हाक मारलेली आठवत नाही.

त्या काळात यांचा जीव कातळावरच्या काळ्या मुंग्यांत होता. मोठ्या, चकचकीत, पॉलिश केलेल्या बुटासारख्या. त्यांच्यातच एक दिवस यांना वेगळी मुंगी सापडली. डोकं लहान, पोट हे एवढं, त्यावर फिकट पट्टे. अशी मुंगी जगात कुणी नोंदवलेलीच नव्हती. आता मुंगीचं नाव दोन तुकड्यांचं असतं. पहिला तुकडा घराण्याचा, सगळ्या भावकीला एकच. दुसरा तिचा स्वतःचा. जो माणूस नवी मुंगी जगापुढं मांडतो त्यानं तो दुसरा तुकडा ठरवायचा. स्वतःचं नाव घालायचं नाही, ते निलाजरेपणाचं समजतात. दुसऱ्या कुणाचंही चालतं. यांनी माझं घातलं.

मी वरवर म्हटलं, "लोक बायकोच्या नावानं बंगले बांधतात." पण आतून अशी फुलले होते की विचारू नका. छापून आलेल्या कागदावर घराण्याचं नाव आणि त्यामागे माझं नाव, तिरप्या अक्षरांत. तो कागद मी काचेत बसवून मशीनच्या वर भिंतीला लावला. गिऱ्हाइकांची मापं घेताना त्यांना मुद्दाम त्या भिंतीकडे तोंड करून उभं करायची. कुणी विचारलं की सहज म्हणायचं, "ते होय, ती माझ्या नावाची मुंगी."

आणि मग दुर्बीणबाई उपटली.

ही बाई मोठ्या शहरातल्या मोठ्या संग्रहालयात मुंग्यांचंच काम करते. मायक्रोस्कोपला दुर्बीण म्हणत नाहीत हे मला माहीत आहे, यांनी मला कितीदा तरी सांगितलंय. मी दुर्बीणबाईच म्हणणार. तर तिनं आमच्या त्या मुंग्या तपासायला मागवून घेतल्या, एकीचं पोट फाडलं, आणि आत वेटोळं करून बसलेला जंत निघाला. पोट फुगलेलं ते जंतामुळे, डोकं लहान राहिलेलं तेही जंतामुळे. नवी जात वगैरे काही नव्हतीच, तीच कातळावरची काळी, पोटात जंत झालेली. मुंग्यांच्या लोकांना असा चकवा लागतो म्हणे, यांच्याआधीही कुणाकुणाला लागलाय. दुर्बीणबाईनं तसं छापलं आणि माझं नाव रद्द झालं. बरं, पुसूनही टाकत नाहीत. पुसलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. जुन्या मुंगीच्या नावाखाली बारीक अक्षरांत, 'हिलाच चुकून असंही म्हटलं गेलं' अशा थाटात, ते कायमचं लटकवून ठेवतात.

नणंदेला कुठून कळलं देव जाणे. आली आणि म्हणते, "वहिनी, तुझ्या नावाला जंत झाले म्हणे." तळपायाची आग मस्तकात गेली. मी तो कागद भिंतीवरून उतरवला. तिथं रंगाचा एक उजळ चौकोन उरला, तो अजून आहे. आणि यांना सांगितलं, "पुन्हा माझं नाव कुठल्या किड्यामुंगीला दिलंत तर याद राखा." हे "हं" म्हणाले. रागात माणूस काहीही बोलतं. बायकोचं सगळं काही नवऱ्यानं ऐकायचं नसतं, पण आमचे हे नेमकं नको तेच ऐकतात.

त्यानंतर यांचं काहीतरी बिनसलं. कातळावरच्या काळ्या मुंग्या, ज्यांच्यात यांची निम्मी उमर गेली, त्या एकाएकी सोडून दिल्या. खण बंद करून टाकले आणि निघाले पिवळ्यांच्या मागे. या पिवळ्या म्हणजे मोहरीच्या दाण्याहून लहान, फिकट, आंधळ्या. डोळेच नसतात त्यांना. शेवाळाखाली, कुजक्या पाल्यात, ओल्या मातीत राहायच्या. कातळावर ताठ चालणारा माझा नवरा गुडघ्यांवर आला. गुडघे झिजले, चष्म्याचा नंबर वाढत गेला, थंडीत ओल्या मातीवर बसून कमरेत कळ भरायची. मी विचारलं, "त्या काळ्यांनी काय घोडं मारलं होतं?" तर म्हणाले, "त्यांच्यात आता काही राहिलं नाही." एवढंच.

आणि या पिवळ्यांची सगळ्यात मोठी जाणकार कोण? दुर्बीणबाई.

कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते हेच. आधी माझं नाव खोडलं आणि मग माझा नवरा आपल्या मुंग्यांच्या मागे लावला. मी काय समजायचं? जे कुणीही समजेल तेच मी समजले. वर्षानुवर्षं समजत राहिले. आठवड्यातून दोनदा तरी तिचा फोन. माझ्याशी बोलताना या माणसाचं 'हं' आणि 'बरं' यापुढं गाडं जात नाही, आणि तिच्याशी मुंगीच्या जबड्यावरच्या तिसऱ्या दातामागं एक केस आहे की दोन, यावर संध्याकाळ जाते. मी भांडी घासता घासता ऐकते. माझ्या केसांबद्दल हा माणूस जन्मात एक शब्द बोललेला नाही.

मी एकदा तोंडावर म्हटलंही, "ती पिवळी म्हणजे माझी सहा पायांची सवत आहे, आणि तिची दोन पायांची वकील फोनवर असते." हे हसले. मला हसायला येत नव्हतं.

यंदा मात्र हद्द झाली. डोंगरात जिथं झाडं संपतात त्या धारेवर, एका पडलेल्या खोडाच्या शेवाळाखाली यांना एक पिवळी सापडली, लांब जबड्याची. आजवर कुणी न नोंदवलेली, असं यांचं म्हणणं. हा माणूस दारातून आत आला तो बूट न काढताच फोनपाशी गेला. सांगितलं कुणाला? तिला. मी समोर उभी होते, माझ्या हातात टॉवेल होता, पण मला ते नंतर कळलं. पुढं कितीतरी दिवस त्या मुंगीचे जबडे फोनवर उघडत मिटत होते. आणि एका संध्याकाळी माझ्या कानांनी ऐकलं. हे म्हणत होते, "नाव? नाव तर कधीचंच ठरलंय. तुम्हाला ठाऊक आहेच की." आणि मग तोंडावर हात धरून हसले, लाजल्यासारखे.

झालं. आता आणखी काय ऐकायचं राहिलं होतं? स्वतःचं घालता येत नाही, म्हणजे ती यांचं घालणार आणि हे तिचं. माझं नाव जंतात गेलं आणि हिचं डोंगराच्या धारेवर जगभर मिरवणार. मी किडामुंगीला माझं नाव द्यायचं नाही म्हटलं होतं, कबूल. पण मला ते हवं होतं. सांगते ना, हवंच होतं. ज्या बाईला घरात 'अगं' आणि दारात 'अहो' म्हणतात, तिचं नाव कुठंतरी छापील असावं एवढी हाव मला होती, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

मग दुर्बीणबाई स्वतः येणार असल्याचं कळलं. ती मुंगी प्रत्यक्ष बघायला. यांनी कधी नव्हे ते खोलीतली जळमटं काढली, मला न सांगता गादी उन्हात टाकली. आणि तिच्या येण्याआधी मुंग्यांची ताजी वसाहत मिळावी म्हणून पुन्हा धारेवर जायचं ठरवलं. चाळणीची पिशवी बाजूनं उसवली होती. ती यांनी माझ्या मशीनवर आणून ठेवली. मी ती घडी घालून, आहे तशी परत त्यांच्या बुटांवर ठेवली आणि म्हटलं, "मला वेळ नाही. गिऱ्हाइकांची कामं आहेत." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. यांनी माझ्याकडे बघितलं, मग ऑफिसातला स्टेपलर काढला आणि खटाखट पिना मारल्या. मांजरपाटाला स्टेपलर. मला ते बघवेना, पण मी बघितलं. मुक्काम करून परत येतो म्हणाले आणि गेले.

आणि बाई नेमकी एक दिवस आधी येऊन दारात उभी.

मी मनात काय काय रंगवलं होतं. उंच असेल, गळ्यात रुमाल असेल, बोलताना मान तिरकी करत असेल. दारात उभी होती ती एक बुटकी, पांढऱ्या केसांची, एका पायानं लंगडणारी बाई, खांद्याला पिशवी आणि छातीशी एक चपटी डबी धरलेली. मला आणखीच राग आला. देखणी असती तर निदान समजलं तरी असतं.

"वहिनी ना?" ती म्हणाली. "सर नाहीत घरी?"

वहिनी म्हणे. मी म्हटलं, "वर गेलेत, तुमच्याच कामाला. या."

मी चहा ठेवला. दुधाला हात घातला तशी म्हणाली, "माझ्यासाठी थोडं घाला. तुम्ही कोराच घेता ना? सर म्हणाले होते." माझ्या कोऱ्या चहाची बातमी मोठ्या शहरापर्यंत गेली होती. मग तिची नजर भिंतीवर गेली, मशीनच्या वर, त्या उजळ चौकोनावर. थोडा वेळ तिकडेच बघत राहिली. मला वाटलं, आता हिला माझी भिंतही घाण दिसतेय.

माझ्यानं राहवलं नाही. मी कप तिच्यापुढं ठेवला आणि म्हटलं, "या पिवळीला तुमचं नाव द्यायचं ठरलंय म्हणे. अभिनंदन."

तिनं कप उचलला होता तो खाली ठेवला. "माझं?"

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? मी ऐकलंय. नाव कधीचंच ठरलंय आणि ते तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण वहिनी, सरांनी तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही?"

"मला काय सांगणार? मी भांडी घासते."

ती मग कुठून सुरुवात करावी हे न कळल्यासारखी त्या चौकोनाकडे बोट करून म्हणाली, "तिथं तो कागद होता ना? तुमच्या नावाचा."

माझे कान तापले.

"मी ते नाव रद्द केलं," ती म्हणाली. "करावंच लागलं, जंत होता तो. पण मला वाईट वाटलं, म्हणून छापायच्या आधी सरांना फोन केला. मला वाटलं भांडतील. लोक भांडतात. सर भांडले नाहीत. एकच विचारलं, हे नाव मला पुन्हा वापरता येईल का, दुसरी एखादी खरी नवी सापडली तर?"

"मग?"

"मी म्हटलं, नाही. एका घराण्यात एखादं नाव एकदा दिलं गेलं की ते रद्द झालं तरी त्या घराण्यात पुन्हा कुणाला देता येत नाही. कधीच नाही. गोंधळ नको म्हणून तसा नियमच आहे. कातळावरच्या काळ्यांच्या घराण्यात तुमचं नाव आता कुणालाही मिळणार नाही." तिनं चहाचा कप नुसता फिरवला. "सर मग म्हणाले, दुसऱ्या घराण्यात चालेल? मी म्हटलं, चालेल. तर म्हणाले, आपल्या डोंगरात कुठल्या घराण्यात अजून नवीन काही सापडायची आशा आहे? मी पिवळ्यांचं सांगितलं. जमिनीत असतात, आंधळ्या, फारसं कुणी शोधत नाही. त्यावर म्हणाले, मग मला त्या शिकवा."

मी उभी होते ती मशीनच्या स्टुलावर बसले. डोळ्यांपुढं यांचे झिजलेले गुडघे आले. काळ्यांत आता काही राहिलं नाही म्हणाले होते. खरंच राहिलं नव्हतं, यांना हवं होतं ते.

कुणीही म्हणेल, चला, सुंठीवाचून खोकला गेला, मत्सर संपला, बायकोला आनंद झाला. झाला ना, नाही कशाला म्हणू. पण त्या आनंदाच्या उरावर दुसरंच काहीतरी येऊन बसलं. माझ्या नवऱ्याच्या मनातली ही गोष्ट, माझीच, माझ्या नावाची, ती या बाईला इतकी वर्षं ठाऊक होती आणि मला नव्हती. आजवर मी जळत होते ते निदान खोट्या गोष्टीवर. आता खरी मिळाली.

"मला का नाही सांगितलं त्यांनी?" मी म्हटलं.

"तुम्ही याद राखा म्हणाला होतात म्हणे. आधी पक्की होऊ दे, छापून येऊ दे, मग काच लावूनच देतो म्हणाले."

हेही तिला माहीत.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "मी दुसऱ्याच कामाला आलेय. आणि ते मला सरांना फोनवर सांगायचं धाडस झालं नाही." तिनं ती चपटी डबी उघडली. आत दोन टाचण्या. एकीवर पंखांचा, मोठ्या डोळ्यांचा काळपट किडा, दुसरीवर लांब जबड्याची पिवळी. "हा पंखवाला नर आहे. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला फार पूर्वी कुणाला तरी एकटाच सापडला, तेव्हा त्याचं नाव ठेवलं गेलं. नर आणि कामकरी मुंगी एकमेकांसारखे अजिबात दिसत नाहीत, त्यामुळे त्याची घरातली माणसं कोण ते आजवर कुणाला कळलंच नव्हतं. परवा माझ्याकडे पलीकडून आख्खी वसाहत आली. त्यात हा नर आणि ही पिवळी एकाच घरात होते."

मला मुंग्यांमधलं फार कळत नाही, पण एवढं कळलं. "म्हणजे यांची पिवळी…"

"हीच. सरांनी फोनवर सांगितलेलं सगळं जुळतं. तिला नाव आहे आधीच. ती नवी नाही." तिनं डबी माझ्याकडे सरकवली. "एकदा तुमचं नाव मी काढून घेतलं. आता पुन्हा मीच सांगायचं. मला जमत नाहीये."

खरं सांगते, त्या क्षणी ती बाई मला जरा बरी वाटली. पण फार नाही. मी डबीचं झाकण लावलं आणि तिला म्हटलं, "तुम्ही नाही सांगायचं. मी सांगेन."

"तुम्ही?"

"नवरा माझा आहे. मुंगी माझ्या नावाची होती. मी सांगेन."

हे दुसऱ्या दिवशी दुपारी आले. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात ती माती गळणारी पिशवी, पिना निम्म्या उचकटलेल्या. दारातूनच म्हणाले, "अगं, बऱ्याचशा सांडल्या वाटेत, पण राणी मिळाली." मग आत दुर्बीणबाई दिसली तसा चेहरा उजळला. मी तिच्याकडे एक नजर टाकली. ती उठून अंगणात गेली. शहाणी आहे, एवढं मी म्हणेन.

मी यांना बसवलं. बूट काढले, स्वतःच्या हातांनी, लग्नानंतर पहिल्यांदाच. मग सांगितलं. पलीकडचा नर, पलीकडची वसाहत, आधीचं नाव. आडवळण घेतलं नाही, यांना ते कळत नाही. हे ऐकत होते. राणीची बाटली हातात होती ती उजेडाकडे धरून बघत होते.

"नवी नाही," हे म्हणाले.

"नाही."

"आणि बाकीचंही सांगितलं तिनं? नावाचं?"

"सांगितलं. तुमच्या तोंडून ऐकलं असतं तर बरं झालं असतं."

"तू याद राखा म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. सगळंच काय ऐकता?"

यांनी बाटली मांडीवर ठेवली, चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. मग अगदी हळू, कसं लागलं असतं कानाला ते बघावं तसं, त्या पिवळीच्या घराण्याचं नाव उच्चारलं आणि त्याच्यामागे माझं नाव घेतलं. पूर्ण, नीट, आईनं ठेवलेलं. एकदाच. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्या तोंडून माझं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मी उठून पिशवी उचलली आणि त्या उरलेल्या पिना एकेक करून उपसायला लागले.

थोड्या वेळानं हे म्हणाले, "पश्चिमेच्या कड्याखाली एक ओलं रान आहे. तिथली माती अजून कुणी चाळलेली नाही. तिथं तिसरंच घराणं राहतं."

"गुडघ्यांना विचारलंत?"

"विचारलं. नाही म्हणतात."

मी कपाटातून नवा मांजरपाट काढला. दुर्बीणबाई तोवर लंगडत आत आली होती. आम्हा दोघांच्या तोंडाकडे बघून कापडाचं एक टोक धरायला पुढं झाली. "मी धरू का, वहिनी?"

"राहू द्या," मी म्हटलं. "याला माझाच हात लागतो." आणि मशीनवर बसून टीप मारता मारता यांना सांगितलं, "यावेळी सापडली की आधी तिचं पोट फाडून बघा. माझ्या नावाला पुन्हा जंत निघाले तर मी घरात घेणार नाही."

हे तोंडावर हात धरून हसले, तसेच, लाजल्यासारखे. तीही हसली. दोघं एकदम हसली ते मला मुळीच आवडलं नाही. मी मान खाली घातली आणि शिवणीवरून दुसरी टीप मारायला घेतली.